भिंतीपलीकडची रोवणी

तुरुंगात माझी उभी उमर गेली असं म्हटलं की नवा माणूस जरा मागे सरकतो. मग सांगावं लागतं, अहो, चोरी नाही केली, नोकरी केली. ती नोकरी मला लागली एका कैदी बाईमुळे, आणि तिच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही. आता सांगते. उशीर तसाही झालेलाच आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वैनगंगेकाठचं आमचं तालुक्याचं गाव, आणि गावाच्या टोकाला लहानसा तुरुंग. पुरुष कैदी भरपूर, बाई क्वचित एखादी. पण बाई आली की नियमाप्रमाणे तिच्यावर लक्ष ठेवायला बाईच लागायची. रात्रीसाठी एका शिपायाची बायको तयार झाली. दिवसासाठी कोणी मिळेना, म्हणून मला बोलावलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, नवऱ्याने सोडलेली. सात वर्षांत मूल झालं नाही एवढाच माझा गुन्हा. पवनीला सासर होतं, ते सुटलं आणि मी भावाकडे येऊन पडले. भाऊ बरा होता, पण वहिनी ताटात भात वाढताना माझ्याकडे न बघता वाढायची. तुरुंगातल्या नोकरीला तिनेच आधी हो म्हटलं.

बायकांचं आवार म्हणजे एक खोली, पुढे अंगण, पाण्याचं टाकं आणि चारी बाजूंनी पुरुषभर उंचीच्या दुप्पट भिंत. सकाळी शिपाई मला आत सोडायचा आणि बाहेरून कुलूप घालायचा. ते थेट संध्याकाळी उघडायचं. पहिल्या दिवशी कुलपाचा आवाज मी आतून ऐकला. कैदी ती की मी, हे काही वेळ मलाच कळेना.

ती सानगडीकडच्या एका खेड्यातली होती. माझ्याच वयाची असेल, पण गाल बसलेले आणि डोळ्यांखाली काळं. तिने स्वतःच्या तीन वर्षांच्या मुलीला गावच्या बोडीत बुडवलं आणि स्वतःही जीव द्यायला गेली, असा तिच्यावर आरोप होता. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, धानाच्या पाण्यासाठी बांधलेलं; त्याच्या बांधाला पाळ म्हणतात. समोरच्या काठावर गुरं चारणाऱ्यांनी दोघींना पाण्यात पाहिलं. हिला ओढून काढलं. मुलगी हाती लागली तोवर संपली होती.

मला तिची दया आली असेल असं वाटत असेल कोणाला, तर तसं नव्हतं. मला तिचा राग आला, अगदी तळपायाची आग मस्तकात गेली. मी सात वर्षं नवस बोलले, उपास केले, कोणाकोणाच्या पाया पडले. आणि हिला मिळालं होतं ते हिने पाण्यात घातलं! पहिले पंधरा दिवस मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ताटली समोर सरकवायची आणि तोंड फिरवून बसायचं. ती दोन घास खायची, बाकी तसंच ठेवायची. दिवसभर भिंतीला टेकून बसायची, मांडीवर ओंजळ ठेवून. भेटीचा दिवस आला की शिपाई नावं पुकारायचा आणि पुरुषांच्या बाजूला गलका व्हायचा. हिला भेटायला कोणी आलं नाही. एकदाही नाही.

सरकारने दिलेले एक वकील होते. म्हातारे, दम्याने बेजार, पण मनाने चांगले. ते दोनदा येऊन गेले. तिच्यापुढे बसून त्यांनी एकच गोष्ट परत परत विचारली, "बाई, तू लेकरू घेऊन उडी मारली, का लेकरू आधी पडलं अन् तू मागून गेली?" ती गप्प. जाताना ते मला म्हणाले, "हे तिनं स्वतःच्या तोंडानं कोर्टात सांगितलं तर मी लढू शकतो. नाही बोलली तर जन्मठेप ठरलेली. तुम्ही दिवसभर सोबत असता, बघा बोलती होते का."

म्हणजे आता माझ्यावर आलं. मला ते आवडलं नाही आणि खरं सांगायचं तर थोडं आवडलंही. तोवर कोणी माझ्यावर काही सोपवलंच नव्हतं. पण तिच्या तोंडाला कुलूप होतं ते होतंच. मी "जेव वं", "आंघोळ कर वं" म्हणायचे, आणि ती उठून ते करायची, एवढंच.

आवाराच्या मागच्या भिंतीला लागून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, होती. आषाढात तिथे रोवणी सुरू झाली. धान रोवणाऱ्या बायका रांगेत वाकून मागे मागे सरकत जातात आणि गातात. आमच्या झाडीपट्टीतली रीत अशी की रांगेचं एक टोक ओळ टाकतं आणि दुसरं टोक तिला उत्तर देतं. उत्तर आलं नाही तर गाणं पुढे जात नाही, आणि गाणं थांबलं की कंबर बोलायला लागते. भिंतीपलीकडच्या बायका दिसत नव्हत्या, पण सगळं ऐकू यायचं. चिखलातून निघणारे पाय, रोपांची पेंडी पाण्यात टाकल्याचा आवाज, बांगड्या. आम्ही त्या रोपांना पऱ्हे म्हणतो.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी एका म्हातारीचा खडा आवाज आला:

"बोडीच्या पाळीवर कोन वं बसली?"

नेमकी बोडीच आठवायची होती का या बाईला! मी हिच्याकडे बघितलं. ती ताठ बसली होती. पलीकडून उत्तर यायला जरा उशीर झाला, कोणीतरी हसत होतं बहुतेक. आणि इकडे माझ्यासमोर महिनाभर मुकी असलेली बाई मान वर करून गायली:

"माहेरची वाट पायत लेक वं बसली."

आवाज एवढा मोकळा होता की मी चपापून दाराकडे बघितलं. भिंतीपलीकडे एकदम हशा, आणि म्हातारीने पुढची ओळ टाकली. हिने उत्तर दिलं. मग तिसरी, चौथी. दुपारपर्यंत चाललं. त्या दिवशी तिने ताटली पुसून खाल्ली आणि मला विचारलं, "बाई, आनखीन भात हाये का?" मी माझा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या आवारात सण होता असं म्हटलं तरी चालेल. सकाळी मी आत आले की ती भिंतीपाशी उभी असायची. पलीकडून हाक आल्यासारखी ओळ यायची आणि ही उत्तर द्यायची. त्या बायकांना ती कोण ते ठाऊक नव्हतं, तिला त्या कोण ते ठाऊक नव्हतं. मलाही हळूहळू तिच्याजवळ बसावंसं वाटायला लागलं. माझा राग कधी गेला ते सांगता येत नाही. ती दुपारी माझे केस विंचरून द्यायची. लग्नानंतर माझ्या केसांना कोणाचा हात लागला नव्हता. एकदा ती मागे बसून केसांतला गुंता सोडवत होती आणि मी मुकाट्याने रडले, तिने विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी ती आपणहून बोलायला लागली. केस विंचरता विंचरताच. नवऱ्याने दुसरी आणली. सासू म्हणाली, पोरीला ठेव आणि तू जा. ती पोरीला घेऊन माहेरी गेली.

"भावानं दार लावून घेतलं, बाई. आतून कडी लावल्याचा आवाज आयकला मी. मंग माघारी निंगाली. दोन दिस पोटात काई नोयतं. पोरगी कडेवरून उतरेना. बोडीच्या पाळीवर येऊन बसली जरा. मंग पोरगी मले म्हने..."

तेवढ्यात बाहेरचं कुलूप वाजलं. माझी सुटायची वेळ झाली होती. तिने फणी माझ्या हातात दिली.

"जा तुमी. बाकीचं उद्या सांगीन."

मी बाहेर पडले ती हवेत तरंगतच. उद्या ती सांगणार होती. मग वकिलांना निरोप, मग कोर्ट, आणि कदाचित ती सुटणार होती. वाटेत विहिरीवर रोवणीच्या बायका हातपाय धूत होत्या. मला पाहून म्हातारी पुढे आली.

"काहो बाई, तुमी जेलातल्या ना? आतमंदी कोन गाते वं एवढं गोड? आमाले तं तिच्याबिगर आता रोवनंच होत नाई."

मी सांगून टाकलं. अगदी सगळं. सानगडीकडची आहे, लेकरू बोडीत गेलं, खटला चालू आहे, बिचारीला भेटायला कुत्रं येत नाही. मला वाटलं, त्यांना दया येईल, उद्या आणखी जोराने गातील. आणि आणखी एक गोष्ट होती, ती लपवत नाही. सगळ्या जणी माझ्याभोवती गोळा होऊन माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला ते सुखाचं वाटत होतं. माझ्या जिभेला हाड उरलं नाही.

म्हातारीने पदर तोंडाला लावला. बाकीच्या पाय धुऊन वाटेला लागल्या. मला वाटलं, हळहळल्या. मी घरी गेले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीपाशी उभी होती. पलीकडे बायका आल्या. पाय चिखलातून निघत होते, पेंड्या पडत होत्या, बांगड्या वाजत होत्या. ओळ आली नाही. दुपार झाली तरी नाही. शेवटी तिनेच एक ओळ टाकली. मी तिला स्वतःहून सुरुवात करताना पहिल्यांदा ऐकत होते. ओळ भिंतीवरून पलीकडे गेली आणि पलीकडचे पायसुद्धा थांबले. मग थोड्या वेळाने परत चालू झाले. उत्तर आलं नाही.

"त्या बाया काहून चूप झाल्या?" तिने मला विचारलं.

"दुसऱ्या बांधीत गेल्या असतीन," मी म्हटलं.

भिंतीपलीकडे पेंडी पडल्याचा आवाज झाला. तिने माझ्याकडे बघितलं. मी टाक्याकडे जाऊन उगाच भांडी घासत बसले.

संध्याकाळी मी विहिरीवर म्हातारीला गाठलं आणि भांडले. माझा आवाज चढला होता. तिचा चढला नाही. हळूच म्हणाली, "पऱ्हा म्हंजे लेकरू असते, बाई. नवं उपटून दुसऱ्या मातीत लावतो आपन. रोवताना बांधीत कोनी रडत नाई, कोनाले रडू देत नाई. जिनं आपलं लेकरू बुडवलं तिच्या उत्तरावर आमी पऱ्हा कसा लावाचा? आमी का दगडाच्या हावो? पन वरसाचं पोट हाये हे."

"तिनं बुडवलं हे कोनी पायलं?" मी विचारलं.

"तुमीच तं सांगतलं," ती म्हणाली.

मी तसं सांगितलं नव्हतं. लेकरू बोडीत गेलं, एवढंच सांगितलं होतं. पण खटला, तुरुंग आणि बोडी एका दमात ऐकल्यावर कोण काय समजणार? त्या बायका नंतर न गाता रोवत राहिल्या. आधीच कंबरतोड काम, त्यात गाणं नाही. त्यांनाही ते जड गेलं असणार, पण तेव्हा मला त्यांचा संतापच आला होता.

पुढच्या दिवशी मी पोट दुखण्याचा बहाणा करून शिपायाकडून दार उघडून घेतलं. वळसा घालून भिंतीमागे गेले. भर दुपार होती, बायका दूर झाडाखाली जेवायला बसल्या होत्या. मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, उभी राहून भिंतीकडे तोंड करून गायले. बोडीच्या पाळीवर कोन वं बसली. माझा आवाज म्हणजे रहाटाची करकर, लहानपणी भाऊ चिडवायचा. मी तीनदा गायले. आतून काहीच आलं नाही. झाडाखालच्या बायका जेवायच्या थांबून बघत होत्या आणि मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत परत आले तर ती तशीच भिंतीला टेकून बसलेली.

"बाई, उन्हात नोका उभ्या राहू," ती म्हणाली. "डोकं दुखन तुमचं."

त्या आवारातलं तिचं ते शेवटचं मोठं वाक्य. मी किती विनवलं! ते बाकीचं सांग, पोरगी तुला काय म्हणाली ते सांग, मला नको सांगू पण वकिलांना सांग. पाया पडले तिच्या. तिने माझे हात बाजूला केले, हळूच, आणि ओंजळ मांडीवर ठेवून बसली. केस विंचरणंही बंद झालं. ताटलीतला भात पुन्हा उरायला लागला. मी वकिलांना माझ्याजवळ होतं ते अर्धं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "पाळीवर बसली, इथवर तर पोलिसांकडेही आहे," ते म्हणाले. "त्याच्यापुढचं पाहिजे, आणि तिच्याकडूनच पाहिजे."

धान लोंबीवर आलं तेव्हा भंडाऱ्याच्या कोर्टात तिचा खटला उभा राहिला. मी तिच्या शेजारी उभी होते. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, दोनदा विचारलं. वकील खोकत खोकत म्हणाले, "बोल बाई, बोल." ती म्हणाली, "लेकरू माह्या हातानं गेलं." बस. हातातून निसटलं की हातांनी ढकललं? मी मनात ओरडत होते, पुढचं बोल, पुढचं बोल. तिने खाली बघितलं. जन्मठेप झाली.

दिवाळीनंतर तिला नागपूरच्या मोठ्या तुरुंगात पोहोचवायचं होतं. एसटीत मागच्या बाकावर ती खिडकीशी, मधे मी, आणि कडेला दोन शिपाई. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं, कुठे भारे पडले होते. कोर्टातलं ते एक वाक्य सोडलं तर तीन महिने जी बोलली नव्हती ती खिडकीतून बाहेर बघत बोलली.

"बाई, भिंतीमांगच्या बांधीत धान कसं झालं?"

"चांगलं झालं," मी म्हटलं.

"भरलं? पोचट तं नाई गेलं?"

"नाही वं. चांगलं भरलं."

तिने मोठा श्वास सोडला. "बरं झालं, माय. मले भेवच होतं. दहा दिस गायली ना मी त्याच्यावर."

मग मला कळलं. त्या बायका गप्प का झाल्या, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती स्वतः आयुष्यभर रोवणारी बाई, तिला कोण सांगायला हवं होतं? आणि त्यांना कोणी सांगितलं हेही तिला माहीत असणारच, कारण दिवसभर त्या कुलुपाच्या आत आम्ही दोघीच होतो. तीन महिने ती माझ्यासमोर हे घेऊन बसली आणि मला एका शब्दाने बोलली नाही. उलट कोणाचं धान पोचट जाईल म्हणून झुरत राहिली. मी बाकावर बसून ढसाढसा रडले. शिपाई म्हणाला, बाई, गाडी लागली का? मी हो म्हटलं. तेव्हासुद्धा, "मीच सांगितलं, माझी चूक झाली" एवढं माझ्या तोंडातून निघालं नाही. नागपूरच्या दारात सही करून मी तिला ताब्यात दिलं आणि परतीच्या गाडीत बसले. पुढे तिचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

नोकरी मात्र माझी कायम झाली. ऐंशीच्या दशकात आवारात कितीतरी बाया आल्या आणि गेल्या. दारू गाळणाऱ्या, भांडणातल्या, एक-दोन तिच्यासारख्याही. पाच-सहा वर्षांनी एका रोवणीत पलीकडून ओळ आली आणि आतल्या एका पोरीने उत्तर दिलं. ती नवजात मूल टाकल्याच्या खटल्यातली होती, एकोणीस वर्षांची, दिवसभर थरथरत असायची. मी तिला गप्प केलं नाही. चार दिवस गाणं चाललं. पाचव्या दिवशी विहिरीवर तीच म्हातारी भेटली, आता पार वाकलेली, रोवत नव्हती, नुसती धुऱ्यावर बसून ओळ टाकायची.

"काहो बाई, आतमंदी कोन गाते?"

"मीच गाऊन रायली," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. भर उन्हात धुऱ्यावर उभी राहून केलेली माझी करकर तिने स्वतःच्या कानांनी ऐकली होती. बाकीच्या बायकाही बघायला लागल्या. म्हातारीने त्यांच्याकडे वळून सांगितलं, "आयकलं का? जेलातल्या बाई गातेत. देत जा उत्तर."

रोवणी संपेपर्यंत त्या पोरीचं गाणं चाललं.

त्या संध्याकाळी मी विहिरीवरून घराकडे निघाले आणि वाटेतच बसकण मारली. एवढंच म्हणायला हवं होतं मी त्या पहिल्या वेळी. मीच गाते. आणि मग दुसऱ्या दिवशी त्या सानगडीकडचीने मला सांगितलं असतं, पाळीवर बसल्यावर पोरगी तिला काय म्हणाली ते.